साखरशाळेतील मुले आणि सकारात्मक वर्तन आधार



आजच्या पाठात आपण 'सकारात्मक वर्तन आधार' हा विषय पाहणार आहोत. नाव जड वाटलं तरी गोष्ट रोजच्या वर्गातली आहे. व्याख्येकडे जाण्याआधी माझ्याकडून झालेली एक चूक सांगते, कारण ती झाली नसती तर मी या विषयाकडे वळलेच नसते.

त्या वर्षी मी ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या हंगामी वर्गावर होते. कारखान्याच्या तळाशेजारी पत्र्याची शेड, समोर कोप्यांची रांग आणि वर्गात ३८ मुलं. वय सहा ते तेरा. त्यात अकरा वर्षांचा एक मुलगा होता. वाचनाचा तास सुरू झाला की तो शेजारच्याला चिमटा काढायचा, पाटी आपटायचा, मध्येच उठून पळायचा. एक दिवस त्याने फेकलेली पाटी पहिलीतल्या एका मुलीच्या कपाळाला लागली. माझा संताप अनावर झाला. "चल, बाहेर हो! परत वर्गात दिसू नकोस," असं मी ओरडले.

तो गेला. सहा दिवस आला नाही. खरं सांगते, त्या सहा दिवसांत वर्ग शांत होता आणि मला बरंच वाटत होतं. सातव्या दिवशी दुसऱ्या एका मुलाच्या आईला भेटायला मी फडात गेले, तर हा तिथे मोळ्या बांधत होता. वडिलांना विचारलं. ते म्हणाले, "मॅडम, तुम्हीच काढून टाकलं म्हनला. मंग म्हटलं कोपीवर बसून काय करतो, चल फडात."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. माझ्या एका वाक्याने त्या मुलाची शाळा सुटली होती आणि त्याच्या आईबापाच्या कोयत्याला दोन हात जास्त मिळाले होते.

पर्यायी शिक्षणाच्या वर्गात शिक्षा महाग पडते ती अशी. नेहमीच्या शाळेतलं मूल बाहेर काढलं तरी घरचे ओरडून दुसऱ्या दिवशी परत पाठवतात. आपल्या या वर्गातल्या मुलाच्या मागे असा ढकलणारा हात नसतो. उलट बाहेर काम वाट बघत उभं असतं.

१. पर्यायी शिक्षणाचे वर्ग म्हणजे कोणते?

जी मुलं नेहमीच्या शाळेपर्यंत पोचत नाहीत, किंवा पोचून गळतात, त्यांच्यासाठी त्यांच्या जागी आणि त्यांच्या वेळेत चालणारे वर्ग म्हणजे पर्यायी शिक्षण. आपल्या महाराष्ट्रात याची परंपरा जुनी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला सुरू केलेलं काम पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा चालवली. मुलं शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच कुरणात नेली. पुढे वीटभट्टीवरच्या मुलांसाठी भोंगाशाळा आल्या, ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी साखरशाळा आल्या, हंगामी वसतिगृहं आली. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम ४ प्रमाणे शाळाबाह्य मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश आणि इतरांच्या बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क आहे.

अमेरिकेसारख्या देशात 'पर्यायी शाळा' म्हटलं की बहुतेक वेळा नेहमीच्या शाळेत वर्तनामुळे टिकू न शकलेली मुलं डोळ्यांसमोर येतात. आपल्याकडची मुलं पोटापाण्यासाठी आईबापांबरोबर गाव सोडून आलेली असतात. दिवाळीच्या आसपास निघायचं आणि मार्च-एप्रिलला परतायचं. मधले पाच-सहा महिने कोपीवर. त्यामुळे वर्षातून दोनदा शाळा बदलते, शिक्षक बदलतात, मित्र बदलतात, कधी भाषाही बदलते. वर्गात एकाच वेळी बीडकडची मराठी बोलणारी, घरी गोरमाटी बोलणारी आणि नंदुरबारकडून आलेली भिली, पावरी बोलणारी मुलं असू शकतात. अशा वर्गात 'हे मूल ऐकत नाही' असं म्हणण्याआधी 'याला माझी भाषा कळते का?' हा प्रश्न स्वतःला विचारावा लागतो.

२. सकारात्मक वर्तन आधार म्हणजे काय?

सोप्या शब्दांत सांगायचं तर जसं आपण वाचन शिकवतो, गणित शिकवतो, तसंच वर्तन शिकवणे.

एखाद्या मुलाला जोडाक्षर वाचता आलं नाही तर आपण काय करतो? पुन्हा शिकवतो, सोपं करून देतो, सराव घेतो. पण त्याच मुलाला रांगेत थांबता आलं नाही तर? रागावतो. तिथे शिकवायचं असतं हे आपल्या डोक्यातच येत नाही. मूल हे सगळं घरून शिकून आलेलं असणार असं आपण गृहीत धरतो.

ही पद्धत अमेरिकेत विकसित झाली. १९९७ साली तिथल्या दिव्यांग विद्यार्थ्यांच्या शिक्षणाच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्यात सकारात्मक वर्तन आधाराचा उल्लेख आला. ओरेगॉन विद्यापीठातल्या रॉब हॉर्नर, जॉर्ज सुगाई यांच्यासारख्या अभ्यासकांनी ती सबंध शाळेसाठी कशी वापरायची याची मांडणी केली. त्या मांडणीत तीन स्तर आहेत:

पहिला स्तर – सगळ्या मुलांसाठी. साधे नियम, ते शिकवणं, ठरलेला दिनक्रम आणि चांगल्या वर्तनाची दखल.

दुसरा स्तर – ज्या थोड्या मुलांना एवढं पुरत नाही त्यांच्यासाठी. लहान गट, रोजची विचारपूस, जास्त सराव.

तिसरा स्तर – एखाद-दुसऱ्या मुलासाठी. त्या मुलाच्या वर्तनाचं कारण शोधून फक्त त्याच्यासाठी केलेली योजना.

ढोबळमानाने १०० पैकी ८० मुलांना पहिला स्तर पुरतो, १५ ना दुसरा लागतो आणि ५ ना तिसरा, असं सांगितलं जातं. आपल्या वर्गात हे प्रमाण असंच येईल असं समजू नका. मुलं नवी, जागा नवी, झोप अपुरी, त्यामुळे दुसऱ्या स्तराची गरज जास्त मुलांना भासते. पण पहिला स्तर पक्का झाला की वरचं ओझं आपोआप कमी होतं, हा माझा अनुभव आहे.

आणि एक गोष्ट कायद्याची. कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई आहे. कलम १६ प्रमाणे प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. म्हणजे 'परत दिसू नकोस' हे माझं वाक्य कायद्यातही बसणारं नव्हतं.

३. पहिला स्तर : सगळ्या वर्गासाठी

(अ) तीनच नियम ठेवा. मी सुरुवातीला ११ नियमांचा तक्ता लावला होता. तो मुलांना वाचता येत नव्हता आणि मलाही पाठ नव्हता. नंतर तीन ठेवले : 'हात आपल्याजवळ', 'बोलणाऱ्याचं ऐकू', 'वस्तू जागेवर'. नियमात 'नको' किंवा 'करू नये' शक्यतो नसावं. 'पळू नका' म्हटल्यावर काय करायचं नाही ते कळतं, पण काय करायचं ते कळत नाही. 'चालत जाऊ' म्हटलं की कळतं. प्रत्येक नियमाला एक चित्र आणि हाताची एक खूण ठेवली, म्हणजे भाषा वेगळी असलेल्या मुलालाही समजतं.

(आ) नियम करून दाखवा. 'वस्तू जागेवर' शिकवताना मी स्वतः खडूचा डबा भलत्या ठिकाणी ठेवला, मग शोधत फिरले. मुलं हसली. मग एकेकाने बरोबर करून दाखवलं. पाच मिनिटांचं काम आहे. साखरशाळेत दर आठवड्याला नवी टोळी येते, म्हणून आम्ही आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सगळे नियम पुन्हा करून दाखवायचो. नव्या मुलाला एक जुना मुलगा 'सोबती' म्हणून द्यायचा. पाणी कुठे, चप्पल कुठे, लघवीला कुठे जायचं, सगळं तो दाखवतो. नवीन मुलांच्या पहिल्या आठवड्यातल्या बऱ्याच भांडणांचं मूळ इथेच असतं. त्यांना काही माहीत नसतं आणि विचारायची लाज वाटते.

(इ) दिनक्रम ठरलेला असू द्या. ज्या मुलाच्या आयुष्यात उद्या कुठल्या गावचा फड हे आई-वडिलांनाही आदल्या रात्री कळतं, त्याला 'आता प्रार्थना, मग गोष्ट, मग गणित' एवढी खात्रीसुद्धा मोठा आधार देते. फळ्याच्या कोपऱ्यात चार चित्रं लावा. एक तास झाला की एक चित्र उलटं करा.

(ई) आधी पोट आणि झोप बघा. आईबाप पहाटे तीन-चारला उठून फडात जातात. त्या गडबडीत मुलंही जागी होतात. रात्री ऊस भरायला गाडी आली तर झोप पुन्हा मोडते. असं मूल सकाळी नऊला चिडचिड करणारच. आम्ही पहिली वीस मिनिटं गोष्ट आणि गाण्यांची ठेवली. ज्याला डोळा लागतो त्याला लागू दिला. शेडच्या एका कोपऱ्यात गोणपाट टाकून 'निजायची जागा' केली. सुरुवातीला मला भीती होती की सगळेच झोपतील. तसं झालं नाही. दोघं-तिघं अर्धा तास निजायची आणि उठून नीट अभ्यासाला बसायची.

(उ) दखल घ्या, आणि नेमकी घ्या. 'शाब्बास' म्हणणं चांगलंच, पण मुलाला कशाबद्दल ते कळत नाही. 'तू पाटी त्याच्या हातात दिलीस, फेकली नाहीस, हे मला आवडलं' असं म्हटलं की कळतं. एका चुकीच्या टोकणीमागे निदान चार-पाच वेळा चांगल्याची दखल घ्यावी असं या पद्धतीत सांगतात. मी एकदा टेबलावर दोन वाट्या आणि चिंचोके घेऊन बसले. टोकलं की डावीकडे एक, कौतुक केलं की उजवीकडे एक. तासाच्या शेवटी डाव्या वाटीत २३ आणि उजव्या वाटीत ४! मी प्रेमळ शिक्षिका आहे असा माझा समज होता. तुम्हीही एकदा करून पाहा. कोणाला दाखवायची गरज नाही.

४. दुसरा स्तर : येताना भेट, जाताना भेट

काही मुलांना एवढं पुरत नाही. आणि अशी मुलं दंगाच करतात असंही नाही. आमच्या वर्गात नऊ वर्षांची एक मुलगी होती. कडेवर दीड वर्षाचा भाऊ घेऊन यायची, एक शब्द बोलायची नाही आणि तासाभराने गुपचूप निघून जायची. तिची तक्रार कोणीच करत नव्हतं, कारण तिचा त्रास कोणालाच नव्हता. गप्प राहणं, निघून जाणं हेसुद्धा वर्तनच आहे, आणि गळतीची सुरुवात बऱ्याचदा तिथूनच होते.

तिच्यासाठी आणि आणखी चार मुलांसाठी मी ही पद्धत वापरली. सकाळी दारात दोन मिनिटं भेट : 'जेवलीस का? आज कोणती गोष्ट नीट करायची?' हातात छोटं कार्ड, त्यावर आपल्याच तीन नियमांची तीन चित्रं. प्रत्येक तासानंतर त्यावर एक टिंब. जाताना पुन्हा दोन मिनिटं : 'आज काय जमलं?' बस. जमलं नाही त्यावर भाषण द्यायचं नाही. उद्याचं कार्ड कोरं असतं.

या मुलीच्या बाबतीत कार्डापेक्षा दुसऱ्याच गोष्टीचा जास्त उपयोग झाला. शेडच्या आडव्या पाइपला आम्ही जुन्या लुगड्याची झोळी बांधली. भाऊ झोळीत झोपू लागला आणि ती दुपारपर्यंत वर्गात बसू लागली. तिची 'समस्या' तिच्या कडेवर होती, ती बाजूला ठेवायला जागा हवी होती.

५. तिसरा स्तर : एका मुलाचं कारण शोधणं

आता पुन्हा त्या मुलाकडे येते. त्याच्या वडिलांची माफी मागितली, त्याचीही मागितली, आणि तो परत वर्गात आला. पण पाटी आपटणं सुरूच होतं. तेव्हा मी एका वहीत तीन रकाने आखले :

आधी काय घडलं? – त्याने काय केलं? – नंतर त्याला काय मिळालं?

मत लिहायचं नाही, जे दिसलं तेच लिहायचं. 'उद्धटपणा केला' असं नाही. 'पाटी जमिनीवर दोनदा आपटली' असं. वेळही लिहायची. आठ दिवसांत ११ प्रसंग झाले. वही समोर घेऊन बसले आणि मला स्वतःचंच हसू आलं आणि वाईटही वाटलं. ११ पैकी ८ प्रसंग प्रकट वाचनाच्या तासाचे होते, तेही त्याची पाळी जवळ आली की. गणिताच्या तासाला एकही नाही. मैदानावर एकही नाही. आणि तिसऱ्या रकान्यात आठही वेळा जवळजवळ एकच नोंद : बाहेर उभं केलं, किंवा त्याला सोडून पुढच्याला वाचायला सांगितलं.

म्हणजे काय? हा मुलगा पटावर चौथीत होता, पण त्याला काना-मात्रांच्या पुढे वाचता येत नव्हतं. पहिली-दुसरीची मुलं समोर बसलेली असताना अडखळत वाचण्यापेक्षा शिक्षा परवडली, असा त्याचा हिशोब होता. मी शिक्षा समजून जे देत होते ते त्याला सुटका म्हणून हवंच होतं. दर वेळी त्याला बाहेर काढून मी त्याला शिकवत होते की, पाटी आपट, म्हणजे वाचावं लागणार नाही.

डी.एड.ला असताना प्रबलनाची व्याख्या मी पाठ केली होती, स्किनरचं नाव परीक्षेत लिहिलं होतं. पण आपण स्वतःच चुकीच्या गोष्टीला प्रबलन देत असू शकतो, हे त्या वहीने शिकवलं.

मुलाच्या वर्तनामागे साधारण चार कारणं सापडतात : कोणाचं तरी लक्ष हवं असतं, नको असलेल्या गोष्टीतून सुटका हवी असते, एखादी वस्तू किंवा खेळ हवा असतो, किंवा त्या हालचालीनेच शरीराला बरं वाटत असतं. वर्तन एकच दिसलं तरी कारण वेगळं असू शकतं, आणि कारण वेगळं असेल तर उपायही वेगळा. लक्ष हवं म्हणून ओरडणाऱ्या मुलाकडे त्या वेळी थोडं दुर्लक्ष करून, तो शांत असताना लक्ष देणं बरोबर. पण सुटका हवी म्हणून ओरडणाऱ्याकडे दुर्लक्ष केलं तर त्याला सुटकाच मिळते.

त्याच्यासाठी केलेली योजना अशी होती :

• आधीची परिस्थिती बदलली. तयारीशिवाय त्याला मोठ्याने वाचायला सांगायचं नाही. उद्या कोणती एक ओळ वाचायची ती आजच सांगायची आणि शाळा सुटताना दहा मिनिटं त्याच्याकडून एकट्याला वाचून घ्यायची.

• दुसरा मार्ग शिकवला. त्याला बाटलीचं लाल झाकण दिलं. पाळी नको असेल तेव्हा ते पाटीवर ठेवायचं. ठेवलं की मी काही न बोलता पुढच्याकडे जायचं. म्हणजे सुटका मिळणार, पण पाटी न आपटता. दिवसाला दोनदा वापरायची मुभा होती.

• त्याचं बलस्थान वापरलं. मोळ्या मोजून मोजून त्याचा हिशोब पक्का होता. म्हणून वाचायला कारखान्याच्या वजनकाट्याची जुनी पावती दिली. गावाचं नाव, गाडी नंबर, वजन. पुस्तकापुढे बसलं की आक्रसणारा मुलगा पावती मात्र बोट ठेवून वाचू लागला. पहिलीच्या दोन मुलांना बेरीज शिकवायचं काम त्याला दिलं.

• प्रसंग घडलाच तर काय करायचं ते ठरवलं. इतर मुलांना बाजूला घ्यायचं, आवाज चढवायचा नाही, तो शांत झाल्यावर वाचनाचं तेच काम, पण अर्धं करून, पुन्हा द्यायचं. काम माफ करायचं नाही.

हे करताना एक गोष्ट लक्षात ठेवा. पहिले तीन दिवस त्याचं आपटणं वाढलं. जुना उपाय चालेनासा झाला की मूल तोच उपाय आणखी जोर लावून करून बघतं. इथेच आपण बहुतेक जण 'काही उपयोग नाही' म्हणून सोडून देतो. तसं सोडलं तर मूल एवढंच शिकतं की, जास्त जोरात आपटलं की जमतं. आम्ही धरून ठेवलं. दुसऱ्या आठवड्यात प्रसंग तीनवर आले. तिसऱ्या आठवड्यात झाकण पाच वेळा पाटीवर दिसलं आणि पाटी एकदाही आपटली गेली नाही. जानेवारी संपताना त्याने कपाळाला पाटी लागलेल्या त्याच मुलीला चार ओळींची गोष्ट वाचून दाखवली. अडखळत, पण पूर्ण.

आणखी एक सूचना. अंगावर खुणा, अचानक आलेली भीती, कोणाचं नाव काढलं की थरथरणं असं काही दिसलं, तर ही वर्तनाची योजना करत बसू नका. मुख्याध्यापकांना सांगा आणि चाईल्डलाइन १०९८ या क्रमांकाला कळवा. तिथे मुलाचं वर्तन बदलायचं नसतं, मुलाला वाचवायचं असतं.

६. नेहमी विचारले जाणारे दोन प्रश्न

'बक्षीस देणं म्हणजे लाच नाही का?' लाच चुकीचं काम करण्यासाठी आणि आधी देतात. आपण बरोबर काम शिकत असताना आणि नंतर दखल घेतो. तरीही खाऊ-पेन्सिलीची सवय लावू नका. घंटा वाजवायला मिळणं, गोष्ट निवडायला मिळणं, बाईंच्या शेजारी बसायला मिळणं, याला पैसा लागत नाही आणि मुलांना ते फार मोलाचं वाटतं. दिलेलं कौतुक मात्र नंतरच्या चुकीसाठी कधी काढून घेऊ नका. आणि दंगेखोर मुलांच्या नावांची यादी भिंतीवर तर नकोच.

'३८ मुलांत एकट्याने हे सगळं कसं करायचं?' सगळं एकदम करायचं नाही. पहिले पंधरा दिवस फक्त तीन नियम आणि दिनक्रम. मग चार-पाच मुलांची कार्डं. वहीचे तीन रकाने एका वेळी एकाच मुलासाठी. माझे दिवसाला जेमतेम दहा मिनिटं जात होती. आधी त्याच्यावर ओरडण्यात याच्या दुप्पट जात होती.

७. मुलासोबत आपली नोंदही जाऊ द्या

आपल्या वर्गाची मोठी अडचण ही की मूल मध्येच निघून जातं. स्थलांतरित मुलाला शिक्षण हमी कार्ड दिलं जातं, त्यात त्याचा वर्ग, हजेरी, अध्ययन पातळी येते. त्याला एक छोटी चिठ्ठी जोडा. पाच ओळी पुरेत : याला काय आवडतं, कशाने बिथरतो, बिथरला की काय उपयोगी पडतं, काय करू नये, वाचन कुठपर्यंत आलंय. हे लिहिताना मुलाचं वर्णन 'खोडकर', 'मंद' असल्या शब्दांत करू नका. तो शब्द चिठ्ठीबरोबर गावोगाव जातो.

स्वाध्याय (शिक्षकांसाठी)

१. आपल्या वर्गाचे तीन नियम 'काय करायचं' या भाषेत लिहा आणि प्रत्येकासाठी हाताची खूण ठरवा.
२. एका तासापुरता चिंचोक्यांचा प्रयोग करा.
३. सर्वांत जास्त त्रास देणारं एक मूल आणि सर्वांत गप्प असणारं एक मूल निवडा. आधी एकाची आठ दिवस तीन रकान्यांत नोंद ठेवा, मग दुसऱ्याची. तिसरा रकाना विशेष लक्ष देऊन भरा, कारण त्यात बहुतेक वेळा आपण स्वतः असतो.

शेवटी त्या मुलाचं पुढे काय झालं ते सांगायला हवं. फेब्रुवारीत एका रात्री त्याची टोळी दुसऱ्या गटाला हलली. सकाळी कोपीच्या जागी नुसतं पाचट पडलेलं होतं. त्याचं कार्ड आणि चिठ्ठी माझ्याकडेच राहिली. गावच्या शाळेचा नंबर मिळवून तिथल्या गुरुजींना फोन केला आणि पाच ओळी वाचून दाखवल्या, लाल झाकणासकट. जूनमध्ये त्यांचाच फोन आला : मुलगा शाळेत येतोय, परिपाठाची घंटा तोच वाजवतो. मला फार आनंद झाला.

दिवाळीनंतर आमच्या तळावर टोळ्या उतरल्या तेव्हा मी कोप्या कोप्या फिरून त्याला शोधलं. तो नव्हता. यंदा त्यांच्या मुकादमाने दुसऱ्या कारखान्याची उचल घेतली, एवढंच कळलं. कोणत्या ते कोणालाच सांगता आलं नाही.

आता तो बारा वर्षांचा असेल. कुठल्या तरी कारखान्याच्या तळावर, कुठल्या तरी शेडमध्ये बसला असेल, किंवा बाहेर उभा असेल. कदाचित तो तुमच्याच वर्गात आला असेल. वाचनाची पाळी जवळ आली आणि एखाद्या मुलाने पाटी आपटली, तर त्याला बाहेर काढू नका. तीन रकाने आखा.